कोल्हा काकडीला राजी, बाकीच्यांचं काय?

नवरात्रातली गोष्ट. सकाळी सहाला आईने परड्यातून हाक मारली, "ये, रात्रीत नांगरट झाली बघ." रताळ्यांचे तीन वाफे कोणीतरी पार उलथे केले होते. वेल एका अंगाला ओढून टाकलेले, मातीत हात-दीड हात लांबीचे चर, आणि गडग्याचे वरचे चार दगड आत पडलेले. रताळं एकही शिल्लक नाही. मजा अशी की त्याच गडग्याला टेकून काकडीचा शेवटचा बहर होता आणि त्याचं पानही हललं नव्हतं. आईने उभ्याउभ्या निकाल दिला, "कोल्हा नव्हे. त्याने काकडी सोडली नसती."

आई बरोबर होती. "कोल्हा काकडीला राजी" ही म्हण आपण माणसांवर वापरतो, पण ती आधी कोल्ह्याबद्दल खरी आहे. उंदीर-घुशी, खेकडे, मेलेली जनावरं यांच्या जोडीला कोल्हा बोरं, जांभळं, कलिंगडं, मक्याची कणसं, काकड्या सगळं खातो. आमच्याकडे परड्यात आलाच तर दोन काकड्या अर्ध्या खाऊन जातो आणि घुशी मारतो तो फायदा वेगळाच. मी तरी त्याच्याशी भांडत नाही.

परड्यात कोण आलं होतं हे ठरवल्याशिवाय बंदोबस्ताला लागणं म्हणजे रोग न बघता औषध घेणं. पुरावा सकाळी ताजा असतो तेव्हाच बघावा. माती नांगरल्यासारखी दिसली तर रानडुक्कर, कारण तो नाकाड खुपसून पुढे ढकलत जातो. नारळाचं रोप बुंध्याशी कुरतडून आडवं पडलंय आणि लाकडावर रुंद दातांच्या जोडखुणा आहेत, तर साळिंदर. एखादा काटा पडलेला सापडला तर प्रश्नच मिटला. (साळिंदर काटे फेकून मारतं हे खोटं. ते पाठमोरं होऊन अंगावर येतं आणि काटे सुटून रुततात.) अर्धवट चावलेले पेरू आणि मोडक्या फांद्या झाडाखाली पसरलेल्या असतील तर वानर किंवा माकड. कोवळ्या नारळाला देठाजवळ गोल भोक असेल तर उंदीर. आणि गडग्यावर जांभळाच्या किंवा भेरली माडाच्या बिया भरलेली विष्ठा असेल तर उदमांजर येऊन गेलं. त्याचं मनावर घेऊ नका, कोंबड्या मात्र रात्री घट्ट बंद करा.

यातला प्रत्येक गडी एक हिशेब मांडत असतो. आत खायला काय आहे, तिथे पोचायला कष्ट किती, आणि जिवाला भीती किती. हिशेब जमला तर तो रोज येतो, आतबट्ट्याचा झाला तर दुसरीकडे जातो. म्हणजे आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. गंमत म्हणजे आपण बहुतेकदा तिसरीवरच पैसे घालवतो, आणि तीच सगळ्यात लवकर बोथट होते.

पहिलीपासून सुरू करू. कोकणात माडाला, मिरचीला मासळीची कुटी घालायची पद्धत आहे. मासे धुतलेलं पाणी आळ्यात, मुंड्या-काटे बुंध्याशी. खत म्हणून उत्तमच, पण रात्री वारा पडला की हा वास लांबवर जातो, आणि डुकराचं नाक फार तीक्ष्ण. कोल्हा, उदमांजर, भटकी कुत्री सगळ्यांनाच ते आवतण. आणि कुत्री जमली की मागोमाग बिबट्या आलाच. कुटी घालायचीच तर चांगली हातभर खोल पुरून वर दगड ठेवावा. गळलेले आंबे, फणसाची चारखंडं, शिळं अन्न परड्याच्या कोपऱ्यात टाकायची सवय मोडावी. हे सांगायला सोपं आहे. आमच्या घरी मोडायला दोन वर्षं लागली.

माझी मावसबहीण लंडनला असते. तिच्याकडचा कोल्हा आपला नव्हे. तो लाल कोल्हा, झुबकेदार शेपटीचा. आपल्या कोकणात ज्याला कोल्हा म्हणतात तो वेगळा, आणि देशावरच्या माळावर दिसणारं, शेपटीचं टोक काळं असलेलं छोटं खोकड तिसरंच. लंडनचा कोल्हा सहा फुटी लाकडी कुंपण चढून येतो, दाराबाहेरचे बूट पळवतो आणि फुलझाडांची आळी उकरतो. बहिणीने गुलाबांना हाडांचा चुरा घातला होता. कोल्ह्याला वाटलं, कोणीतरी इथे शिकार पुरून ठेवली आहे. तिची कुटी आणि आमची कुटी, चूक एकच.

आता दुसरी बाब, कष्ट. इथे प्राणी आत कसा येतो यावर सगळं आहे: उकरून, ढकलून, चढून, की उडून.

उकरणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. जाळी सरळ खाली पुरण्यापेक्षा तिला बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट पदर सोडायचा. म्हणजे जाळी जमिनीपर्यंत उभी आणि तिथून बाहेर आडवी वळवलेली, वर चार बोटं माती. साळिंदर किंवा कोल्हा नेहमी कुंपणाच्या अगदी बुडाशी येऊन उकरायला लागतो. तिथे पायाखाली जाळी लागते. दीड फूट मागे सरकून उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही. लंडनच्या कोल्ह्यालाही नाही. बहिणीने कोंबड्यांच्या खुराड्याला हेच केलं. जाळी मात्र लोखंडी हवी. साळिंदराचे दात नारळाचं खोड कुरतडतात, तिथे प्लास्टिकच्या जाळीची काय कथा.

उंदरासाठी माडाच्या खोडाला माणसाच्या डोक्याच्या वर, दीडेक फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. चढताना नखं घसरतात. पण शेजारच्या माडाची झावळी जर आपल्या माडाला टेकत असेल तर उंदीर वरच्या रस्त्याने येतो आणि पत्र्याकडे बघतही नाही.

ढकलणारा म्हणजे डुक्कर. गडगा त्याला अडवत नाही, सैल दगड तो नाकाने पाडतो. चिऱ्यांचा पक्का बांध घातला तर थांबेल, पण त्या खर्चात माणूस आयुष्यभर रताळी विकत घेईल. जुने लोक करवंदीच्या, चिलारीच्या काट्यांची वई घालायचे, दरवर्षी नवी. आज वई घालायला माणसं कुठून आणणार? म्हणून सगळे वळतात झटका मशीनकडे, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या तारेच्या कुंपणाकडे. याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्या आसपास निम्मी मशीनं चालू असूनही चालत नाहीत.

मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, बॅटरी सौर पॅनेलवर भरते. साधारण सेकंदाला एकदा ते तारेत काही हजार व्होल्टचा ठोका सोडतं. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकतो. सणसणीत झटका बसतो, जनावर मागे उडी मारतं, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात सुटून जातं. घरातल्या विजेत हा मधला वेळच नसतो. प्रवाह सलग वाहतो, स्नायू आखडतात, तार हातातून सुटत नाही. म्हणून घरची लाइन थेट कुंपणाला जोडणं हा सरळ गुन्हा आहे, आणि त्यात डुकरांबरोबर माणसंही मरतात. रात्री पाणी लावायला आलेला शेजारी, गुरं शोधायला गेलेला पोरगा, कधीकधी तार जोडणारा स्वतः. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते इथे शब्दशः.

झटका लागायचा तर वीज मशीनमधून निघून मशीनकडेच परत आली पाहिजे. मशीन, तार, डुकराचं ओलं नाक, त्याचे पाय, जमीन, जमिनीत गाडलेला अर्थिंगचा रॉड आणि परत मशीन, असा तो फेरा. यातली एक कडी तुटली की झटका गेला. आमच्याकडे मशीन बसवणाऱ्याने रॉड कातळात जेमतेम दीड फूट ठोकला होता. पावसाळ्यात सगळं झकास. एप्रिल उजाडला, जांभा वाळून खडखडीत झाला, आणि डुकरं तारेला अंग घासून आत येऊ लागली. मशीन टिक-टिक करतंय, दिवा लुकलुकतोय, मी खूश. शेवटी टेस्टर लावला तेव्हा कळलं की कुंपणावर दोन हजार व्होल्टही नाहीत. मग न्हाणीचं पाणी जिथे केळींना जातं त्या बारमाही ओल्या जागी तीन रॉड खोल ठोकले. आकडा सहा हजारांवर गेला.

डुकरासाठी तारा खाली हव्यात. पहिली जमिनीपासून वीतभर, दुसरी गुडघ्याशी, तिसरी मांडीशी. त्याच्या अंगावर राठ केस असतात, तिथे झटका नीट पोचत नाही. लागायला हवा तो नाकाला. म्हणून मी पहिल्या आठवड्यात तारेला पत्र्याचे छोटे तुकडे टांगले आणि त्यांना शेंगदाण्याच्या पेंडीचा लगदा फासला. हुंगायला आला की धडा. ज्या डुकराने आतली रताळी आधीच चाखली आहेत त्याला थांबवणं अवघड, न चाखलेल्याला सोपं. म्हणून कुंपण लागवडीच्या आधी चालू करावं, नुकसान झाल्यावर नव्हे.

आणि गवत. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की वीज त्याच्यातून जमिनीत जाते आणि झटका मरतो. आठ-दहा दिवसांनी खालची पट्टी कापावीच लागते. जो जूनपासून ऑगस्टपर्यंत मुंबईत असतो त्याने झटका मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चढणारे. इथे मात्र मी हात टेकलेले आहेत, हे आधीच कबूल करतो.

कोकणात दोन जातींचा त्रास आहे आणि दोघांना एकच मानणं ही पहिली चूक. वानर म्हणजे काळतोंड्या, लांब शेपटीचा. त्याच्या पोटात कप्पे असतात, पाला आंबवून पचवायची सोय असते. म्हणून तो कोवळी पानं, मोहर, कच्ची फळं, शेंगा असं सगळं खातो आणि निवांत बसून खातो. माकड म्हणजे लालसर तोंडाचं, डोक्यावर केसांचा भांग असलेलं. त्याच्या गालात पिशव्या असतात. ते आत शिरतं, दोन मिनिटांत गाल भरतं आणि झाडावर जाऊन सावकाश चावतं. वानराला तुम्ही धावून घालवू शकता, कारण त्याचं जेवण लांबतं. माकडाच्या बाबतीत तुम्ही काठी घेऊन दारात पोचेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. स्वयंपाकघरात घुसतं ते बहुधा माकडच.

आता तिसरी बाब, भीती. बुजगावणं, जुन्या सीड्या, चकाकत्या पट्ट्या, वाघाच्या डरकाळीचा भोंगा, फटाके. प्रत्येक गोष्ट चार दिवस चालते. पाचव्या दिवशी वानर बुजगावण्याच्या खांद्यावर बसलेलं असतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भीती टिकायला तिच्यामागे खरं काहीतरी घडावं लागतं. डरकाळी रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागेवरून येते आणि वाघ कधीच येत नाही, हे कळायला वानराला आठवडा पुरतो. आवाजाची जागा, वेळ, जात बदलत राहिलात आणि मधूनमधून खरंच कुत्रा सोडलात, तर परिणाम जास्त दिवस राहतो. वानर बायकांना घाबरत नाहीत, असं आमच्या वाडीतल्या सगळ्या बायका सांगतात. त्यावर उपाय म्हणून एक काकू नवऱ्याची लुंगी नेसून राखणीला बसायच्या. उपयोग झाला का, हे त्यांनी कधी धडपणे सांगितलं नाही. पाइपातली कार्बाइडची बंदूक मात्र घरात आणू नये. बार उडाला नाही म्हणून नळीत वाकून बघणाऱ्यांचे डोळे गेलेले आहेत.

झटका तार माकडावर का चालत नाही? कारण ते तारेवर उडी मारून बसतं, पाय जमिनीला नसतात, मग विजेचा फेरा पुरा होत नाही. त्यासाठी तारा जवळजवळ घेऊन एक झटक्याची, एक अर्थिंगची अशी आळीपाळीने ओढावी लागते, म्हणजे दोन्ही एकदम धरल्या की झटका. खर्च वाढतो, आणि वरून फांदी लोंबत असेल तर सगळं व्यर्थ. म्हणून घरावर, मांडवावर झुकलेल्या फांद्या आधी छाटाव्यात. कौलं फुटायचीही थोडी कमी होतात.

मी शेवटी भाजीपुरता शरण गेलो. दहा बाय पंधरा फुटांचा लोखंडी पाइपांचा सांगाडा, सगळीकडून आणि वरूनही वेल्डेड जाळी, खाली पदर. आई त्याला खुराडं म्हणते. आम्ही आत उभे राहून मिरच्या काढतो आणि वानर बाहेर बसून आमच्याकडे बघतात. फणसांना गोणपाट बांधतो, निम्मे हाती लागतात. मोर, पोपट, वटवाघळं यांच्यासाठी नायलॉनच्या बारीक जाळ्या लावतात लोक, पण त्या सैल सोडल्या तर साप अडकून मरतात. ताणून बांधाव्यात आणि हंगाम संपला की काढाव्यात.

पकडून लांब सोडण्याची मागणी सगळीकडे होते. पण इथला कळप उचलला आणि फणस, आंबा, उकिरडा तसाच राहिला, तर मोकळ्या जागेत बाजूचा कळप येतो. हिमाचलने 2007 पासून माकडांची नसबंदी हाती घेतली, तिचाही परिणाम दिसायला वर्षं लागतात. आणि आपल्याकडे घाटात गाडी थांबवून, शनिवार आहे म्हणून केळी वाटणारे लोक आहेतच. त्या केळ्यांचं बिल आम्ही भरतो.

आरोग्याचं एक. सिंधुदुर्गात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीमार्फत येतो आणि माकडं त्याने मरतात. परड्यात किंवा रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. कोणताही प्राणी चावला, ओरखडला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून तडक दवाखाना गाठावा. दिवसाढवळ्या न घाबरता अंगावर येणारा कोल्हा पिसाळलेला असू शकतो.

मारून टाकलं तर? हा प्रश्न चहाच्या टपरीवर हमखास निघतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2022 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन अनुसूचींची नवी मांडणी झाली. मोर, गवा, बिबट्या सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत, रानडुक्कर दुसऱ्या. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या डुकराला मारायची लेखी परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो, परस्पर मारता येत नाही. एखादी जात ठरावीक भागापुरती, ठरावीक काळापुरती उपद्रवी ठरवण्याचा अधिकार केंद्राचा. बिहार आणि उत्तराखंडमध्ये रानडुकरांबाबत मागे तसं झालं होतं.

आणि चोरून जे चालतं ते भयंकर आहे. मोटारसायकलच्या क्लच वायरची फासकी डुकरासाठी लावतात, अडकतो बिबट्या. गावठी बॉम्ब डुकरासाठी ठेवतात, जबडा फुटतो गाईचा. फोरेटच्या पुरचुंड्या तारेला बांधतात. ते कीटकनाशक 2020 अखेरपासून बंद आहे, आणि पाऊस पडला की त्याचं पाणी आपल्याच विहिरीत.

नुकसानभरपाई मिळते, पण तयारी हवी. वाफा नीट करण्याआधी तारीख दिसेल असे फोटो काढावेत, एक-दोन दिवसांतच वनक्षेत्रपालांकडे अर्ज द्यावा, पंचनामा होईपर्यंत जागा तशीच ठेवावी. वनखात्याचा मदत क्रमांक 1926. झाडांची नोंद सातबाऱ्यावर असावी लागते. कोकणात खरी मेख तिथेच, कारण सातबाऱ्यावर सतरा नावं आणि त्यातली अकरा मुंबईला. आमच्या रताळ्यांचे काही मिळाले नाहीत, मी अर्जही केला नव्हता.

पिकंच बदलली तर? हा उपाय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडांच्या सावलीत मसाल्याची झाडं लावायची पद्धत बसवली, तिला लाखी बाग म्हणतात. दालचिनी, मिरी, जायफळ यांना माकडं सहसा तोंड लावत नाहीत. हळदीचंही तसंच. सुरणाला वानर शिवत नाही, त्याची खाज त्यालाही नको असते, पण साळिंदर मात्र तो आवडीने उकरतं. म्हणजे परत पदर आलाच.

आमचे आजोबा यातलं काहीच करत नव्हते. नाचणीच्या शेतात माळा असायचा, त्यावर रात्रभर माणूस, कंदील, डबा वाजवणं. दिवसा आम्ही पोरं गोफण घेऊन. वाडीत तेव्हा घराघरात माणसं होती. आता वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनी ओस पडल्या, रान थेट न्हाणीपर्यंत आलं, आणि डुकराला दिवसभर झोपायला घरामागेच जागा झाली. ज्यांची जमीन पडीक आहे त्यांनी निदान गडग्यालगतची दहा हातांची पट्टी साफ ठेवली तरी फरक पडतो. उघड्यावर यायला डुक्कर कचरतं.

यंदा रताळी वाचली. पहाटे तारेच्या बाहेरून खुरांचे ठसे दिसले, कुंपणाच्या कडेकडेने गेलेले. ते खालच्या अंगाला वळून पलीकडच्या काकांच्या भुईमुगात उतरले होते. त्याच दिवशी दुपारी काकांचा फोन आला, "ते टिकटिक करणारं मशीन कितीला पडलं रे तुला?"